म्हाळसाचा मुराळी

इनामगावच्या वाचनालयाच्या पायरीवर रोज सकाळी मी पेपर मोठ्यानं वाचतो. ग्रंथपाल होतो तेव्हाची ही सवय. नोकरी संपली, सवय राहिली. खरं तर आता सगळ्यांना बातम्या मोबाईलवर आधीच कळलेल्या असतात. तरी चारपाच जण येऊन बसतात, ऐकतात आणि मग त्यावर भांडतात. भांडायला छापील कागद लागतो, असं आनंदरावांचं म्हणणं आहे. आनंदराव आमच्याकडचे बागायतदार, पूर्वी साखर कारखान्याचे संचालक होते. त्यांचं मत कुणाला विचारावं लागत नाही. माझं कुणी विचारलंच तर मी चष्मा पुसायला घेतो.

त्या हिवाळ्यात पेपरात एकच बातमी फिरून फिरून येत होती. रांजणगाव-कारेगावच्या पट्ट्यातल्या एका वाहन कंपनीनं आपले 'भरारी' नावाचे छोटे टेम्पो माघारी बोलावले होते. स्टिअरिंगच्या दांड्याचा एक सांधा कच्चा निघाला होता. हजारो गाड्यांचा तो सांधा कंपनी फुकट बदलून देणार होती. पण कंपनी आधीच तोट्यात, त्यात हा खर्च. म्हणून तिनं सरकारकडे मदत मागितली होती. द्यावी की न द्यावी, यावर रोज कुणी ना कुणी लिहीत होतं.

"द्यायलाच पाहिजे," आनंदराव म्हणाले. "कंपनी बंद पडली तर कारेगावात चूल पेटायची न्हाई. पोरं कुठं जातील?"

चहाच्या टपरीचा सावळाराम पायरीखालीच उभा असतो. तो म्हणाला, "पोरांचं सोडा. तुमच्या कारेगावातल्या खोल्यांचं भाडं कोण देईल, ते बोला."

"माझ्या खोल्या गेल्या खड्ड्यात."

"खड्ड्यात गेल्या तरी डिपॉझिट माघारी द्यायचं न्हाई तुम्ही." सगळे हसले. सावळाराम पुढं म्हणाला, "आन् चूक केली मालकानं, भरायची आपण? माझी टपरी बुडली तर सरकार येतंय का दूध घिऊन?"

"साखर कारखान्याला थकहमी मिळाली तवा तुझाबी ऊस गेला होता की."

"गेला होता. म्हणूनच सांगतोय, हमी कुणाला मिळती आन् बिल कुणाला मिळत न्हाई."

मल्हारी त्या दिवशी कडेला बसून ऐकत होता. धनगर समाजाचा माणूस, पन्नाशीतला. त्याच्या आजोबांनी मेंढरं हिंडवली, वडलांनी थोडी जमीन केली आणि मल्हारीनं दोन वर्षांपूर्वी भरारी टेम्पो घेतला. कांदा, बकऱ्या, लग्नाची भांडी, काय मिळेल ते तो वाहतो. गाडीच्या कपाळावर पिवळ्या रंगात 'म्हाळसा' असं नाव घातलंय. तो मला मास्तर म्हणतो. मी कधीच मास्तर नव्हतो. हे सांगायचं पहिल्या वेळी राहून गेलं, मग सांगणं बरं दिसेना.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हंजी कंपनी बुडणार हाय का?"

मी बातमी पुन्हा पाहिली. "तसं लिहिलेलं नाही."

"बुडणार न्हाई, असं लिव्हलंय?"

"तसंही नाही."

त्यानं मान हलवली. "मालक बुडाला आन् कोल्ड स्टोरेजला शील लागलं, तवा माझी बटाटी आत होती. दाराच्या फटीतनं वास यायचा. बाहीर उभं राहून वास घ्यायचा, दुसरं काय करायचं." तो उठला, धोतर झटकलं. "म्हाळसा काय मी आत घालायचो न्हाई बाबा. कुलूप लागलं की लागलं."

मी पेपरचं पान उलटलं.

*

माझी सून तेजश्री त्याच कंपनीच्या कारेगावातल्या सर्व्हिस सेंटरला नोकरी करते. न्हावऱ्यापर्यंत स्कूटी, तिथून बस. मुलगा विक्रम चाकणला असतो, सुटीला येतो. म्हणजे एरवी घरात आम्ही दोघंच. आम्ही फार बोलत नाही. पण ती आली की मी चहा ठेवतो आणि ती कपबशी घेऊन ओट्यापाशी टेकते, तेवढ्यात दिवसाचं बरंचसं सांगून होतं.

त्या संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता ती म्हणाली, "आप्पा, मल्हारीमामा तुमच्या ओळखीचे ना? म्हाळसावाले?"

"हो."

"त्यांना जरा सांगाल? मी फोन करते, ते 'बोला ताई' म्हणतात. गाडी आणायचं म्हटलं की रेंज जाते. मागं बकऱ्या ओरडताना अगदी स्पष्ट ऐकू येतात, फक्त मामांनाच मी ऐकू येत नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

"फार धोक्याचं आहे का?" मी विचारलं.

"प्रत्येकाचा सांधा तुटेल असं नाही आप्पा. पण कुणाचा तुटेल ते बाहेरून दिसत नाही. लोड असला, त्यात खड्डा आला, तर स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि चाक आपल्या मनानं जातं. ते रविवारी पूनमला आणायला चाललेत ना वरवंडला? सगुणामावशी दळणाच्या गिरणीत सांगत होत्या. आठवा लागलाय तिला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

पूनम मल्हारीची एकुलती एक मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती वाचनालयात यायची. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायची, शेवट गोड असला तरच पुस्तक घरी न्यायची. एका वेळी एकच पुस्तक द्यायचा नियम होता, मी तिला दोन द्यायचो. वाचनालयाच्या इतक्या वर्षांत मी मोडलेला तो एकच नियम. लग्न होऊन ती वरवंडला गेली, तेव्हा आहेर म्हणून काय द्यावं ते मला ठरवता येईना. मग अक्षता टाकून, न जेवताच परतलो.

"मी जातो उद्या," मी म्हणालो.

तेजश्रीनं माझ्याकडे पाहिलं. दुकानातून सुटे पैसे कमी आले तर मी परत मागायला जात नाही, हे तिला ठाऊक आहे.

*

मल्हारीची वस्ती नदीकडच्या अंगाला, जुन्या उत्खननाच्या पांढरीच्या टेकाडापलीकडं आहे. वाटेनं मी काय बोलायचं ते मनात जुळवत गेलो. चांगलं जुळलंही होतं. पण वस्तीवर पोचल्यावर मी ते पुस्तकातल्यासारखं म्हणून दाखवलं. कंपनीनं स्वतःहून दोष कबूल करणं ही प्रामाणिकपणाची खूण आहे, जगभर असंच करतात, वगैरे.

मल्हारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "च्या घ्या मास्तर," तो म्हणाला. "दुधाचा हाय."

"पण पूनमला आणायचं आहे ना? तिच्यासाठी तरी."

"म्हाळसा मला आजपतुर कुठं टाकून गेली न्हाई. आत्ता तिथं नेऊन ठिवली आन् कंपनीच बुडली, तर पोरीला काय जीपड्यात कोंबून आणू? धा माणसांत?"

सगुणाबाई, त्याची बायको, करडांना पाला घालत होती. आमच्याकडे पाठ होती तिची. ती तशीच म्हणाली, "मास्तर, एक इचारू का? राग धरू नगा."

"विचारा की."

"तुमची सूनबाई फोन करती. फोनवर मेसेज येतो, गाडी घिऊन या म्हणून. व्हय ना? आता मला सांगा, लेकीला माहेरी न्यायची तर असं कुणी बोलावतंय का? मुराळी येतो. भाऊ येतो, चुलता येतो, कुणी न्हाई तर गावातलं शेजारचं माणूस येतं. घरात बसतो, जेवतो. मग लेकीला घिऊन जातो. फोनवर 'ये गं' म्हणलं आन् सासरच्यांनी धाडली, असं झालंय कवा?"

"आन् मुराळी बोलून जातो," मल्हारीनं जोडलं, "लेक माघारी कवा धाडणार ते. म्हाळसा कंपनीची लेक हाय, मान्य. मग कंपनीकडनं कोण आलं?"

त्याचं म्हणणं थट्टेचं होतं. निदान अर्धं तरी. पण सगुणाबाई हसत नव्हती. मी चहा घेतला, खरंच दुधाचा होता, आणि परत आलो.

संध्याकाळी तेजश्रीला हे सांगितलं. ती आधी खूप हसली. मग कपाचा कान धरून तशीच उभी राहिली.

"कंपनीतून कुणी नाही येणार आप्पा. साहेबलोक सगळे आपापल्या नोकरीच्या काळजीत आहेत. आठवडाभर मीटिंगच चालल्यात."

"मी गेलो तर?"

"तुम्ही?"

"तू कंपनीची. मी तुझा सासरा. म्हणजे लांबून का होईना, नातं लागतंच." बोलून झाल्यावर मलाच ते फार पोकळ वाटलं. "नाहीतर राहू दे. लोक हसतील."

सकाळी मी उठलो तेव्हा तेजश्रीचे शेंगदाण्याचे लाडू वळून झाले होते. कपाटातून तिनं एक हिरवा खण काढला. दर हळदीकुंकवाला मिळालेले खण आमच्याकडे एका पिशवीत असतात आणि तिथूनच दुसरीकडे जातात. "हा एकदा सगुणामावशींकडूनच आलाय बहुतेक," ती म्हणाली. "पण चालेल. माहेरच्या माणसानं मोकळ्या हातानं जायचं नसतं." मग माझा कोट तिनं ओल्या फडक्यानं पुसला. तो मी विक्रमच्या लग्नानंतर घातला नव्हता.

*

शुक्रवारची सकाळ होती. मल्हारी अंगणात गाडी धूत होता. मी डब्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. बोलायचं वाक्य एकच होतं, ते मी रस्ताभर म्हणत आलो होतो.

"मी म्हाळसाला न्यायला आलोय."

मल्हारीनं पाण्याचा मग खाली ठेवला. माझ्या कोटाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "कोण म्हणून?"

"मुराळी म्हणून."

तो हसणार होता. ओठ हललेही होते. पण तेवढ्यात सगुणाबाई दारात आली, तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि त्याला म्हणाली, "मुराळ्याला पाय धुवायला पानी द्यायचं सोडून कोण म्हणून काय इचारता? सरका."

तिनं तांब्या आणून ठेवला. मी बूट काढून पाय धुतले. मोज्यांना भोक होतं, ते दोघांनाही दिसलं असणार. आत घोंगडी अंथरली होती. तिनं लाडवांचा डबा देवापुढं ठेवला, खण उलगडून पाहिला आणि पुन्हा घडी घातली. ओळखला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मग गुळवणी आणि भात झाला, कांद्याची पात झाली. मुराळ्यानं पोटभर जेवायचं असतं म्हणून तिनं दोनदा वाढलं. मला इतकं जेवण जात नाही. तरी जेवलो.

हात धुऊन झाल्यावर मल्हारीनं विचारलं. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता.

"मास्तर, लेक माघारी कवा धाडणार?"

या प्रश्नासाठी मी काही जुळवून आणलं नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण तेही मला नीट जमत नाही.

"कंपनीचं मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. "सरकार पैसे देईल की नाही, तेही नाही. पेपर मी वाचतो, पण त्यातलं पुढं काय होणार ते मला कधी कळलेलं नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की गाडी आत असेल तोवर मी तिथं बसून राहीन. ती निघाली की मग मी निघेन."

"आन् शील लागलं तर?"

"तर मीही आत असेन."

मल्हारी माझ्याकडे बघत राहिला. मग सगुणाबाईला म्हणाला, "ऐकलं का? मास्तरला शील लावत्यात आता."

"लावू द्या," ती म्हणाली. "बटाटी आतनं वरडत न्हाईत. माणूस वरडतंय." आणि उठून नारळ आणायला आत गेली.

तिनं गाडीची ओटी भरली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली आणि मी आणलेलाच खण त्यावर घातला. समोरच्या काचेला हळदकुंकू लावलं. आम्ही निघालो तेव्हा तिनं गाडीच्या दारावर हात ठेवला, पूनमच्या लग्नात पाठीवर ठेवला होता तसा. मी ओटीला धक्का लागू नये म्हणून सीटच्या कडेवर बसलो होतो.

तेजश्रीनं फोनवर बजावलं होतं, गाडी रिकामी हवी आणि वेग कमी. मल्हारीनं ती बैलगाडीच्या चालीनं नेली. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून शिव्या दिल्या. "देऊ द्या," मल्हारी म्हणाला, "लेक माहेरी चाललीय, हळूच जायची."

*

सर्व्हिस सेंटरच्या आवारात तेजश्री निळा ॲप्रन घालून उभी होती. शंभू नावाचा मेकॅनिक आला. त्यानं गाडीचा चासी नंबर वाचायला बॉनेट उघडलं तर पत्र्याची पट्टी दसऱ्याच्या हळदीकुंकवानं पूर्ण झाकलेली. वर भंडाऱ्याचा थर.

"मामा, नंबर कुठाय?"

"आत हाय. देवाच्या खाली."

शंभूनं खिशातलं फडकं काढलं आणि थांबला. मल्हारीनं डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, उपरण्याच्या टोकानं स्वतः पट्टी पुसली आणि ते पिवळं झालेलं टोक कपाळाला लावलं.

"आता सीटवरचं सामान काढून घ्या," शंभू म्हणाला. "गाडी लिफ्टवर चढवायची."

मल्हारीनं माझ्याकडे पाहिलं. ओटी खाली ठेवायची नसते. माझ्या हातात ती द्यायची नसते. आमच्याभोवती सगळे पुरुष, जिकडे तिकडे ऑइलचे डाग. आम्ही दोघं गाडीच्या दाराशी नुसते उभे राहिलो. शंभूला काय अडलं ते कळेना.

तेजश्री पुढं आली. तिनं हात पुसले, ॲप्रनची दोन टोकं धरून पुढं पसरली आणि म्हणाली, "द्या मामा. माहेरी आली ना ती? मग मीच घेणार."

मल्हारीनं नारळ, मग खण, मग ओंजळीनं तांदूळ तिच्या ॲप्रनमध्ये घातले. सीटच्या शिवणीत अडकलेला दाणा दाणा वेचून घातला. तेजश्री ते तसंच पोटाशी धरून ऑफिसात गेली. मी दुसरीकडे पाहत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मल्हारीच्या ते ध्यानात येऊ नये असं वाटत होतं.

गाडी वर चढली. पुढचं चाक निघालं. मग कळलं की नवा सांधा स्टोअरमधून यायचा आहे, स्टोअर मुख्य कंपनीत, रस्त्यापलीकडं. आम्ही बाकावर बसलो. मी कोटाच्या खिशातलं पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही.

दुपारी रस्त्यापलीकडं कंपनीच्या गेटवर गर्दी जमू लागली. पाळी सुटलेले कामगार घरी न जाता उभे होते. कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी लागली आणि ती आमच्यापर्यंत आली: सरकारी मदतीवरची मुंबईतली बैठक संपली, काही ठरलं नाही, निर्णय पुढं ढकलला. गेटवरचा एक पोरगा हिंदीत घरी फोन करत होता. अजून काही नक्की नाही, आईला सांगू नकोस, एवढं मला ऐकू आलं.

वॉचमननं गेट अर्धं लोटून घेतलं. गर्दी आत येऊ नये म्हणून असेल. पण ते पाहताच मल्हारी उठला.

"शंभूभाऊ, चाक लावा."

"पार्ट यायचाय मामा."

"ऱ्हाऊ द्या पार्ट. हाय तसं चाक लावा. मी घिऊन जातो." तो माझ्याकडे वळला. "मास्तर, चला. तुमचा शब्द तुम्ही पाळला. ह्ये आता बंद हुतंय."

त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नव्हतं. गेट खरंच अर्धं लागलं होतं. उद्या काय होईल ते मला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक होतं. मी उभा राहिलो. त्याचा दंड धरला. आयुष्यात मी कुणाचा दंड असा धरला नसेन.

"मल्हारी," मी म्हणालो, "लेक माहेरी आली. उंबरा चढून आत गेली. आता तिला न जेवताच माघारी न्यायची का?"

तो थांबला.

"तू जायचं तर जा. मी मुराळी आहे. मला तिच्याबरोबरच निघायला पाहिजे."

त्यानं गेटकडे पाहिलं. वर टांगलेल्या, एक चाक नसलेल्या म्हाळसाकडे पाहिलं. मग सावकाश बाकावर बसला. पिशवीतून त्यानं सगुणाबाईनं दिलेल्या भाकरी काढल्या, ठेचा काढला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"तिला उपाशी न्यायची न्हाई, तर आपण तरी उपाशी का बसायचं?" तो म्हणाला.

भाकरी संपत आली तेव्हा तेजश्री रस्ता ओलांडून येताना दिसली. ती स्टोअरमध्ये स्वतः जाऊन उभी राहिली होती, हे नंतर कळलं. गर्दीतून वाट काढत आली. खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

शंभूनं जुना सांधा काढला, फडक्यानं पुसला आणि मल्हारीच्या हातात दिला. "हलवून बघा मामा."

मल्हारीनं तो बोटांत धरून फिरवला. तो घट्ट असायला हवा होता. पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. मल्हारीनं एकदा हलवला, पुन्हा एकदा हलवला. मग शंभूला परत दिला आणि हात धुवायला पाणी कुठं मिळेल ते विचारलं.

नवा सांधा बसला, चाक लागलं. निघताना तेजश्रीनं ओटीतले चार तांदूळ आणि एक हळकुंड परत सीटवर ठेवलं, वर ऑफिसातल्या चहाच्या डब्यातली थोडी साखर. "बाकीचं मी घरी नेते," ती म्हणाली. "माहेरचं तेवढं राहिलंच पाहिजे."

न्हावरं आल्यावर मल्हारी म्हणाला, "रविवारी तुमी यायचं हाय, मास्तर."

*

शनिवारी पायरीवर आनंदरावांनी विचारलं, "काय मल्हारी, आता तरी पटलं ना? कंपनीला पैसा द्यायला पाहिजे."

"ते मला कळत न्हाई," मल्हारी म्हणाला. "पण कुणाची हमी घ्यायची तर त्येच्यापाशी येऊन बसावं. लांबनं काय, कोणबी देतंय."

सावळाराम म्हणाला, "म्हंजी मंत्र्यांनी कारेगावला बाकावर बसून भाकर खायची व्हय?"

"खावी की. मास्तरांनी खाल्ली."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला, पण पुसला नाही. "सोमवारच्या पेपरात काहीतरी येईल," मी म्हणालो आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

रविवारी आम्ही वरवंडला गेलो. पूनम दारातच होती, जड झालेली, डोळ्यांखाली काळं आलेलं. मला पाहून म्हणाली, "काका, तुम्ही कसे?" मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून, "दोन आणलीत?"

"दोन आणलीत."

गाडीत ती माझ्या आणि मल्हारीच्या मधे बसली. चौफुला मागं टाकेपर्यंत तिनं एका पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं होतं. पारगावचा पूल ओलांडताना मोठा खड्डा आला. मल्हारीनं स्टिअरिंग वळवलं. मी समोरची कड धरली. चाक वळलं, गाडी वळली, पूनमनं मान वर न करता पान उलटलं. आम्ही दोघं पुरुष एकमेकांकडे न बघता पुढं बघत राहिलो.

वस्तीवर सगुणाबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभीच होती. पूनम उतरली. तिच्यावरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, तुकडा दूर टाकला. मग दुसरा तुकडा म्हाळसावरून ओवाळला, चाकावर पाणी घातलं. मी पिशवी घेऊन बाजूनं निसटायच्या बेतात होतो.

"मास्तर, थांबा," ती म्हणाली.

तिच्या हातात तिसरा तुकडा होता. तो तिनं माझ्या तोंडावरून उतरवला, बोटं कानशिलाला लावून मोडली आणि पाण्याची धार माझ्या बुटांवर सोडली. कुठं बघावं ते मला कळेना. पूनम दारातून हसत होती. बुटात पाणी गेलं, भोक पडलेला मोजा भिजला, आणि सगुणाबाई तुकडा टाकायला वळेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.